खो दिल्यावर

"पण माझं चुकलं कुठं, नाना?"

शशिकांत इंगवले हे तिसऱ्यांदा विचारत होता. एकाच सामन्यात अकरा गडी बाद करणारा खो-खोचा नावाजलेला खेळाडू. त्याचा तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. आता तो आमच्या संघाचा प्रशिक्षक, आणि चालायचा असा, जणू मैदान ह्याच्या बापाचंच!

मी रेषांवर चुना मारत होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

नाना दिवटे त्याचे गुरू. ऐंशी उलटलेले. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसायचे.

"रणधीर येतो का सरावाला?" नानांनी विचारलं. रणधीर म्हणजे आमच्या संघातला सगळ्यात चपळ गडी.

"नाही... खेळच सोडतो म्हणतोय. तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल."

"अंतिम सामन्यात किती गडी टिपले त्यानं?"

"अकरा."

"वेळ किती उरली होती?"

"दोन मिनिटं."

"मग?"

"मग मी त्याला बाहेर काढला. बदली खेळाडू उतरवला. दमला होता तो, नाना."

"दमला होता?"

"म्हणजे... मला तसं वाटलं."

"नव्हता दमला," शशी खाली मान घालून म्हणाला. "माझ्याच पोटात दुखलं. एका गुणानं सामना गेला, आणि रणधीरही गेला. सोन्यासारखा गडी हो... मीच घालवला."

डोळे पुसले त्यानं. मला तर चुन्याचं घमेलं कुठं ठेवू कळेना.

नाना उठले. मैदानात गेले आणि मधल्या एका चौकोनात, शशीकडे पाठ करून, उकिडवे बसले. ह्या वयात!

"खो दे."

"नाना, गुडघे दुखतील..."

"दे म्हणतोय ना!"

शशीनं मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "खो."

नाना जमिनीला हात टेकून कसेबसे उठले. चौकोन रिकामा झाला.

शशी तसाच उभा. अहो, खो दिला की उठलेल्याच्या जागी आपण बसायचं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ह्याच्या ध्यानातच येईना!

"रणधीरला काय सांगू मी, नाना?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

नानांनी रिकाम्या चौकोनाकडे बोट केलं.

"सांगू काही नकोस, शशा. तू बस."