विरजणाची वाटी

"मग ठेवायचं तरी कुठे, माय?"

येसूमाय मेथी निवडत होत्या. गावच्या मठाच्या ओट्यावर ऊन आलं होतं आणि समोर शाल्मली बसली होती, मांडीवर मोबाइल उपडा ठेवून. पुण्याहून निघताना तिने प्रश्न नीट मांडून आणला होता, गाडी चालवताना पाठही केला होता. इथे पोचेपर्यंत त्यातलं एवढंच उरलं.

"काय ठेवायचं?"

"फोटो, व्हिडिओ. लेकीचे, घरातले. आपलं खासगी सगळं. लोक क्लाउडवर ठेवतात."

"म्हणजे?"

"दूर कुठेतरी कंपनीची मशिनं असतात. त्यांच्यात ठेवायचं. आपण मागितलं की दाखवतात."

"ती माणसं तुझ्या ओळखीची?"

"नाही."

"आणि तू त्यांच्या?"

शाल्मली कसनुसं हसली. "नवऱ्यापेक्षा जास्त ओळखतात. ओजूला दात येताहेत हे त्याच्या आधी त्यांना कळलं. लगेच जाहिराती सुरू."

माय हसल्या. एक काडी मोडून बाजूला टाकली.

"आणि रडून रडून तोंड सुजलंय, धड नाव सांगता येत नाही, अशी त्यांच्या दाराशी गेलीस, तर ओळखतील?"

"पासवर्ड आठवला तर."

मायने मेथीची पुढची जुडी सोडली.

"तिथून काढलं मी सगळं," शाल्मली म्हणाली. "कुठेसं वाचलं, आपले फोटो परकी माणसंही बघू शकतात. झोपच उडाली. सगळं एका डिस्कवर घेतलं, तिकडचं पुसून टाकलं. डिस्क कपाटात, साड्यांच्या खाली. कपाटाला कुलूप. कॉम्प्युटर शिकलेली बाई, मला कोण शिकवणार."

"मग बरं झालं की."

"डिस्क बंद पडली, माय. दुरुस्तीवाल्याने कानाशी धरली, हलवली, परत दिली. त्यात आप्पांचा व्हिडिओ होता. ओजूला मांडीवर घेऊन अंगाई म्हणताना. पुढे थोड्याच दिवसांत आप्पा गेले. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच होता."

येसूमायचे हात थांबले. शाल्मलीचे आप्पा गावाकडे आले की याच ओट्यावर येऊन बसायचे.

"दुसऱ्या कुणाकडे नव्हता?"

या प्रश्नाचं उत्तर शाल्मलीने पाठ करून आणलेलं नव्हतं.

"वच्छूआत्याने मागितला होता. आप्पांचं दिवसकार्य आटोपल्यावर. म्हणाली, दादाचं ते गाणं मला धाड गं, पडल्या पडल्या ऐकत जाईन. मी म्हटलं, आत्या, खासगी आहे ते. तुझ्या फोनवरून कुठल्या कुठे जाईल."

"मग?"

"बरं म्हणाली."

"आणि?"

"पुन्हा मागितला नाही. पुन्हा काहीच मागितलं नाही तिने माझ्याकडे."

माय उठल्या. आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात रिकामी पितळी वाटी होती.

"मांजराने दही लवंडलंय सकाळी. समोर अनसूयेचं घर आहे. जा, विरजण घेऊन ये."

शाल्मलीने वाटीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. ठेव म्हणतील किंवा नको म्हणतील, एवढं ऐकायला ती इतक्या लांब आली होती. गेली.

अनसूयाबाईंनी चूल फुंकता फुंकताच फडताळाकडे हात नेला. "मायचंच आहे ते. उन्हाळ्यात आमचं नासलं, तेव्हा मठातूनच आणलेलं." चमच्याला चिकटलेलं दही त्यांनी बोटाने निपटून वाटीत सोडलं, आणि बोट चाटलं.

शाल्मली ते बघत राहिली. वाटी मात्र दोन्ही हातांनी धरून आणली.

"माय, हे तुमचंच निघालं."

"माझं कुठलं? मी तुझ्या आत्याकडून आणलं होतं."

शाल्मलीने वाटी खाली ठेवली.

"पण अनसूयाबाई बोट लावतात विरजणाला."

"लावते. चाटतेसुद्धा."

"चालतं तुम्हाला?"

"नाही चालत." मायने कोमट दुधात चमचाभर विरजण सोडलं, ढवळलं, झाकण ठेवलं. "पण उद्या दही हवंय."

शाल्मलीचा मोबाइल वाजला. ओजूच्या बाबाचा मेसेज. ओजू जेवली, झोपली. तिने वाचून तो पुन्हा उपडा ठेवला.

"काय म्हणत होते गं आप्पा, अंगाईत?"

"नीज गं साळुंके, निजला पिंपळ…"

"पुढे?"

शाल्मलीचे ओठ हलले. पुढे काही आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडलं.

"पुढचं कधी पाठच केलं नाही, माय. व्हिडिओत होतं ना."

"कुणाला येतं?"

"आत्याला," ती म्हणाली. अगदी हळू. "आप्पा-आत्याच्या आईची अंगाई ती. दोघांना तिनेच झोपवलेलं त्यावर."

वाटीत अजून विरजण उरलं होतं. मायने त्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला आणि वाटी तिच्यापुढे धरली.

"जाताना वच्छूचं घर वाटेत लागतं."

शाल्मलीने हात पुढे केला नाही. ते घर वाटेत लागू नये म्हणून सकाळी ती गावाबाहेरच्या रस्त्याने, लांबचा फेरा घेऊन आली होती.

"तिला अजून माहीत नाही, माय. तिला वाटतं, दादाचा आवाज माझ्याकडे नीट जपून ठेवलाय."

माय वाटी धरूनच राहिल्या.

"काय सांगू तिला? जपायला म्हणून तुला दिला नाही, आणि मीच घालवला?"

वारा आला. मेथीची पानं ओट्यावरून सरकत गेली, कुणी आवरली नाहीत.

शेवटी शाल्मलीने वाटी घेतली. पायऱ्या उतरली, आणि खालूनच वळून म्हणाली,

"ती काही बोललीच नाही तर? नुसती वाटी घेतली आणि दार लावलं तर?"

येसूमाय पुन्हा मेथी निवडायला बसल्या होत्या.

"वच्छूने आजवर माझी वाटी रिकामी परत पाठवलेली नाही."