रडकी सालई

फार पूर्वी अरिष्टपुरात सुयाम राजा राज्य करीत असे. त्या काळी बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या घरी जन्मले होते. वयात आल्यावर ते बैलगाड्यांचा तांडा घेऊन परमुलखात व्यापाराला जाऊ लागले.

त्यांच्या तांड्यात सुप्पक नावाचा गाडीवान होता. तोंडाचा फटकळ, पण आपल्या कवड्या बैलावर त्याचा भारी जीव. एका फेरीत जुवाने कवड्याची मान सोलली. सुप्पक लाडाने तिच्यावर लोणी थापायचा आणि माश्यांची चंगळ व्हायची! जखम चिघळली, तिच्यात किडे पडले. ऐन घाटात बैल जो बसला, तो काही केल्या उठेना.

बसलेला बैल तिथेच सोडून जायचं, हा तांड्याचा रिवाज. त्यातून जागाही वाईट. शेजारच्या सालईच्या खोडावर घाव होता आणि त्यातून डिंक ओघळत होता. अशा झाडाला गाडीवान 'रडकं' म्हणत आणि त्याच्या सावलीलाही थांबत नसत.

"धनी, निघा आता," बाकीचे म्हणाले. "जत्रेत आधी पोचेल त्याचाच माल खपतो."

सुप्पकाला हुंदका फुटला. "तुम्ही व्हा पुढे. मी याला टाकून येणार नाही."

बोधिसत्त्व मात्र सालई न्याहाळत होते. आजूबाजूची खोडं किड्यांनी पोखरलेली, पण हिचा घाव डिंकाखाली अगदी स्वच्छ. ते हसले. "अरे सुप्पका, ही रडत नाही. आपली जखम सांभाळतेय. हिच्याकडेच थोडं औषध मागू या."

जत्रेचा नाद सोडून त्यांनी तांड्याचा तिथेच मुक्काम ठोकला. झाडाला नवा घाव न घालता ओघळलेला तेवढाच डिंक खरवडला, तिळाच्या तेलात वितळवला आणि जखम धुऊन लेप दिला. सुप्पक पळसाची डहाळी घेऊन माश्या वारायला बसला, तर वारायला माशीच येईना!

काही दिवसांनी सकाळी त्याच्या मुंडाशाला हिसका बसला. पाहतो तो कवड्या उभा राहून मुंडासं चघळतोय!

"अरे चोरा! खा, सगळं खा!" म्हणत सुप्पक त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडू लागला.

"आता सांगा, इथे रडकं कोण?" बोधिसत्त्व म्हणाले, आणि सगळा तांडा हसत सुटला.

जत्रा हुकली ती हुकलीच. पण पुढे त्या वाटेचे तांडे मुद्दाम सालईखाली उतरू लागले, आणि बसलेला बैल मागे टाकायचा रिवाज मोडला.

एवढी गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, आजारी सोबत्यापाशी बसून राहिलेला, भिक्षेलाही न गेलेला हा पिलोतिक म्हणजे तेव्हाचा सुप्पक. त्याचा सोबती वट्टक हा कवड्या होता, आणि सार्थवाह मीच होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे मैत्रीचा परमगुण, आचरली."

पिलोतिकाने वळून पाहिलं. अंथरुणावरचा वट्टक हसत होता, आणि पिलोतिकाच्या चिवराचं टोक त्याने मुठीत घट्ट धरलं होतं.