धुरकट आभाळ

रंग आणि कुंचले आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका कुंचल्याला तैलरंगात तरबेज व्हायचं होतं. समोरच्या भिंतीवर एका थोर चित्रकाराचं जुनं चित्र होतं. त्यात नदी, होडी आणि वर तपकिरी आभाळ. कुंचला रोज त्याचीच नक्कल करायला बसे.

रंग पुसणारी चिंधी एकदा म्हणाली, "अरे, या चित्राने वर्षानुवर्षं कंदिलाचा धूर खाल्लाय. जरा पुसून बघू का?"

"गुरुजींच्या चित्राला चिंधी लावणार?" कुंचला फणकारला.

तो तपकिरी रंग साधता साधता कुंचल्याचे केस झडले. नक्कल मात्र हुबेहूब उतरली.

पुढे दिवाळीच्या साफसफाईत मालकाने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून जुनं चित्र हलकेच पुसलं. खालून सकाळचं निळंशार आभाळ निघालं.

कुंचला कितीतरी वेळ दोन्ही चित्रांकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "चिंधीताई, आता माझंही पूस."

चिंधीने एक कोपरा घासून पाहिला.

"नाही रे निघत," ती म्हणाली. "त्यांच्या आभाळावर धूर बसला होता. तू धूरच रंगवलास."