पाटाच्या टोकाचं शेत

एका गावात एक पाट होता आणि त्या पाटाला एक कारभारी होता. कोणाच्या रानात पाणी कधी सोडायचं ते तो ठरवायचा. गाव वसवणाऱ्यांनी नियम घालून दिला होता: पाणी वळवायचं खोरं ज्याच्या हाती, त्याने पाटाच्या टोकाचं शेत कसायचं. आधी सगळ्यांची रानं भिजणार, मग त्याचं.

नवा कारभारी आला तो हुशार. पारावर म्हणाला, "टोकापासून पाटाच्या तोंडापर्यंत, पाणी सुटतं तिथवर, चालून पाय मोडतात माझे. तोंडाचं शेत मला द्या, टोकाचं ह्या बाईला. मग बघा कसा झकास कारभार करतो!"

तोंडाचं शेत एका विधवेचं होतं. ती उठली. "कारभारीदादा, तुम्ही वर आलात की खाली पाणी पोचलं का ते कोण बघणार?"

"बाई गं, माझ्यावर भरवसा नाही?"

"भरवशावर भागलं असतं, तर म्हाताऱ्यांनी नियम कशाला केला असता?"

"जीभ बघा बाईची!" पारावर हशा पिकला. कारभाऱ्याला दुखवायचं कोणाला? उद्या आपलीच पाण्याची पाळी लांबली तर? भराभरा हात वर झाले. तिच्या सख्ख्या दिराचाही.

कारभाऱ्याचा ऊस डोलू लागला. बाईचा कांदा जागच्या जागी वाळला. दीर म्हणाला, "जरा दम धरा, वैनी." मग बाईच्या शेताला लागून वरच्या अंगाला त्याची स्वतःची ज्वारी करपली, तेव्हा मात्र त्याला दम धरवेना.

गाव कारभाऱ्याकडे गेलं. तो खोऱ्यावर रेलून म्हणाला, "हात कोणी वर केले होते? आता मी म्हणेन तो नियम."

सगळे तसेच बाईच्या दारात गेले. ती वाळलेली पात बैलापुढे टाकत होती.

दीर पुटपुटला, "चुकलं आमचं, वैनी. खोरं आता तुम्हीच घ्या."

"मला कशाला? मीही तुमच्यासारखीच हाडामांसाची. खोरं त्यालाच राहू द्या. शेत तेवढं टोकाचं द्या."

"तो ऐकेल?"

"खोरं गावाचं आहे. ज्या हातांनी दिलंत, ते हात झडले का तुमचे?"

सगळं गाव समोर उभं राहिलं, तेव्हा कारभारी एकटा पडला. तोंडाचं शेत सोडून मुकाट टोकाला गेला. आणि त्याच पाळीला पाणी टोकापर्यंत पोचलं. माणूस तोच, खोरं तेच.

बाईचा कांदा मात्र गेला तो गेला. तिच्या बांधावरून जाताना अजून कोणाची मान वर होत नाही. होऊही नये.

तात्पर्य: ज्याच्या हाती सत्ता द्याल, त्याला आधी टोकाला उभा करा, मग भला म्हणा. आणि नियम मोडायला हात वर करताना, पहिलं रान दुसऱ्याचं वाळणार म्हणून हसू नका.