थॉर्नकोटची वाकडी भिंत

इंग्लंडातल्या थॉर्नकोट गावी चर्चला लागून पाद्रीबाबांचे घर आहे. त्याच्या आवाराची दगडी भिंत सरळ येता येता मध्येच आत वळते आणि दोन खणांची एक खोली बाहेर सोडते. पाहुणे हटकून विचारतात, गवंडी झोपेत होता काय? चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा सांगतो, गवंडी चांगला जागा होता.

फार पूर्वी येथे टिमथी नावाचे पाद्री होते म्हणे. त्यांनी गावोगाव सेवा केली, गावोगाव संसार मांडला, पण कुठले घर स्वतःचे नव्हते. घर चर्चचे. पाद्रीने डोळे मिटले की बायकामुलांनी ते रिकामे करायचे. टिमथी वारले आणि हेस्टरबाई दोन मुलींसह उघड्यावर आल्या. माहेरी कुणी उरले नव्हते. नवे पाद्री येण्याआधी गावकऱ्यांनी भिंत उकलली, आत सरकवून पुन्हा रचली आणि बागेतली ही खोली आवाराबाहेर काढून हेस्टरबाईंना दिली. गाव करी ते राव ना करी, ते असे.

पण गावाची एक रीत होती. दर वसंतात पाद्री पुढे, गाव मागे, अशी चर्चच्या जागेची हद्द फिरायची. पाद्री चालेल तीच हद्द. नवे पाद्री एडमंड त्या दिवशी वळणाशी येऊन थांबले. ते भिंत ओलांडून सरळ गेले, तर आपले छप्पर गेले, हे हेस्टरबाईंना कळत होते. दारात उभ्या राहून त्या जीव मुठीत धरून बघत होत्या.

“ही भिंत सरळ असणार पूर्वी,” एडमंड म्हणाले.

“छे हो पाद्रीबाबा! आमच्या आज्यापासून अशीच आहे,” एमॉस शेतकरी म्हणाला. दगडांवर अजून शेवाळसुद्धा धरले नव्हते.

एडमंड काही दूधखुळे नव्हते. त्यांनी भिंतीवर पाय ठेवला. तेवढ्यात त्यांची बायको ज्युडिथ, कडेवर तान्हे घेऊन, गर्दीतून पुढे आली.

“अहो, ती खोली त्यांची नाही. माझी आहे,” ती म्हणाली. “आज त्या राहतात, एवढंच. उद्या मला लागेल.”

एडमंडनी तिच्या कडेवरच्या तान्ह्याकडे पाहिले. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि वळसा घालून ते पुढे गेले. हेस्टरबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या, असे सांगतात.

आजही थॉर्नकोटला नवा पाद्री आला, की त्याच्या बायकोला गावातल्या बाया आधी ही खोली दाखवतात आणि मग तिचे घर.