एकही तक्रार नसलेलं वायफाय

मोहगावात डेटाला रेंज मिळायची नाही, म्हणून मोबाइल कंपनीने एसटी स्टँडवर फुकट वायफायचा खांब रोवला. सहा महिने खांबावरचा हिरवा दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता, पण फोनवर नुसतं गोल फिरायचं. निवृत्त शिक्षिका गावंडेबाई हयातीचा दाखला पाठवायला रोज तिथे उभ्या राहत. उद्या शेवटची तारीख होती. दाखला गेला नाही की पेन्शन बंद.

त्याच दिवशी कंपनीचे मोठे साहेब आले. खांबाला हार घालून म्हणाले, "सहा महिन्यांत इथून एकही तक्रार नाही. असं स्टँड जिल्ह्यात दुसरं नाही."

"तक्रार करायची कुठे, साहेब?" बाईंनी विचारलं.

"सोपं आहे, आजी. याच वायफायला फोन जोडायचा आणि आमच्या पानावर लिहायचं. दुसरीकडून आलेली आम्ही धरत नाही."

"मग लक्षात ठेवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्या दिवशी इथून तुम्हाला तक्रार मिळेल, त्या दिवशी आमची तक्रारच उरलेली नसेल."

सगळं स्टँड हसलं. साहेबांनी स्वतःचा फोन जोडून पाहिला. गोल फिरू लागलं. त्यांनी सोबतचा माणूस खांबावर चढवला. दिव्याची वायर जोडलेली होती. इंटरनेटची जोडायचीच राहिली होती.

तासाभरात बाईंचा दाखला गेला. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, चष्मा सावरला आणि कंपनीच्या पानावर लिहिलं, 'इथलं वायफाय सहा महिने बंद होतं.'

तक्रार लगेच पोचली.