डोक्यावर चढलेलं छप्पर

"माझ्या डोक्यावर कुणी चढलेलं मला चालत नाही," वाकडसेन महाराज म्हणाले, "मग ते छप्पर का असेना. पण पाऊस लागता कामा नये."

राजवाडा बांधून झाला होता, फक्त छपरावाचून. नकाशेवाले दरबारातल्या संगणकावर एकेक छप्पर घालून दाखवत. दुपाखी दाखवलं, तर महाराज म्हणाले, हे दोन्ही बाजूंनी चढलंय. चौपाखी चारही बाजूंनी. घुमट तर फुगून चढलाय. गच्चीला जिना, म्हणजे पापड घालणाऱ्या बायकाही चढणार. एक मेहुणा चढलाय तेवढा पुरे! ज्याचं छप्पर नापसंत, त्याने सिंहासनावरच्या ताडपत्रीचा एक कोपरा धरून उभं राहायचं. ताडपत्री चालायची, कारण ती माणसांच्या हातात होती, महाराजांच्या डोक्यावर नव्हती.

चौथा कोपरा ठकूच्या बापाच्या, सदोबाच्या, वाट्याला आला. तो घरी येईचना, तेव्हा ठकू डबा घेऊन दरबारात गेली. बापाला घास भरवले, त्याचं नाक खाजवून दिलं आणि म्हणाली, "महाराज, बाबांना सोडा. छप्पर मी घालते."

"चुकलीस तर ताडपत्रीला मधला खांब हवाच आहे," महाराज म्हणाले.

ठकूने संगणकापुढे बसून पहिलंच दुपाखी छप्पर पुन्हा राजवाड्यावर ठेवलं. सदोबाने डोळे मिटले. कपाळावर मारायला हात मोकळे नव्हते.

"चढलंच की हे, कार्टे," महाराज म्हणाले.

"चढलं कुठे? सॉफ्टवेअर काय म्हणतंय बघा." तिने पडद्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'उतार : तीस अंश'. "छपराला चढ असतो असं कधी ऐकलंय, महाराज? छपराला उतार असतो. हे बिचारं आढ्यापासून खाली उतरतच येतं. पाऊस पडला की पागोळ्या थेट तुमच्या पायाशी."

महाराजांनी मान वाकडी करून पाहिलं. "पण खालून वर बघितलं तर चढतंय."

"खालून वर प्रजा बघते, महाराज. राजा वरून खाली बघतो."

महाराज असे गदगदून हसले की चारही नकाशेवाल्यांना हसू फुटलं, कोपरे सुटले आणि ताडपत्रीत साठलेलं पावसाचं सगळं पाणी महाराजांच्या मुकुटावर आलं. तरी ते हसतच होते. ओल्या हातानेच त्यांनी ठकूला राज्याची मुख्य नकाशेवाली केलं आणि बक्षीस म्हणून बाप परत दिला.

सदोबाचे हात मात्र वरच राहिले. घरी पोचल्यावर बायकोने त्यांच्यावर धुणं वाळत घातलं.